बोलता बोलता गाणे

संगीत नाटकाचे नाव काढले, की आमच्या मुलुंडातली तरुण मंडळी एकदम आदराने बोलू लागतात. मला या आदराची धास्तीच वाटते. गाडीत वृद्धांना उठून जागा द्यावी, त्यातला हा प्रकार. जागा मिळते, पण गप्पा मारायला शेजारी कोणी बसत नाही. 'कालिदास'ला संगीत नाटकाचा प्रयोग असला, की मध्यंतरात बटाटेवड्याच्या रांगेत सगळी पांढरी डोकी दिसतात. माझे डोकेही त्यांतलेच. तेव्हा तक्रार तरी कोणाकडे करायची?

आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवात दरवर्षी एक नाट्यप्रवेश होतो आणि पेटीवर मी असतो. एका वर्षी 'शारदा'मधला प्रवेश ठरला. तिसऱ्या मजल्यावरच्या कॉलेजकन्येला शारदेच्या कामासाठी विचारले, तर ती म्हणाली, "आजोबा, चांगली बोलता बोलता ही मुलगी गायला का लागते?"

"बोलून भागत नाही म्हणून," मी म्हटले आणि तिला गोष्ट सांगितली. गोविंद बल्लाळ देवलांचे हे नाटक १८९९ सालचे. पैशाच्या लोभाने बाप आपल्या कोवळ्या मुलीचे लग्न म्हाताऱ्या भुजंगनाथाशी ठरवतो. घरात तिचे बोलणे ऐकून घेणारे कोणी नाही. मग ती गाते. मुलगी थोडा वेळ गप्प बसली. "म्हणजे तिला कोणी विचारलंच नाही?" असे म्हणून तिने पुस्तक उचलले आणि घरी नेले. प्रयोगात तिचा एक सूर घसरला. पण मागच्या रांगेतली पोरे हातातले मोबाईल खाली ठेवून ऐकत होती.

बालविवाहाला आळा घालणारा कायदा १९२९ साली झाला, म्हणजे नाटकानंतर तीस वर्षांनी. त्याला 'शारदा कायदा' हे नाव पडले ते हरबिलास सारडा यांच्यावरून; पण मराठी माणसाला त्या नावात देवलांची शारदा दिसावी, यात नवल नाही.

आणखी एक गंमत पाहा. ज्यांच्या तसबिरींना आपण हार घालतो, ती माणसे तेव्हा म्हातारी कुठे होती? १८८० साली 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले तेव्हा अण्णासाहेब किर्लोस्कर सदतीस वर्षांचे होते. साकी, दिंडी, लावणी अशा लोकांच्या तोंडी बसलेल्या चाली त्यांनी बेधडक उचलल्या. बालगंधर्व किर्लोस्कर मंडळीत गेले ते १९०५ साली, सतराव्या वर्षी. पार्ल्याच्या नाट्यगृहाला ज्यांचे नाव आहे, त्या दीनानाथांनी १९१८ साली बळवंत संगीत मंडळी काढली, तेव्हा त्यांना अठरावे सरायचे होते. 'मत्स्यगंधा'ला १९६४ साली संगीत देणारे अभिषेकीबुवा पस्तिशीचे. हा सारा तरुणांचा उद्योग. म्हातारा झाला तो आमचा प्रेक्षकवर्ग!

आता जाणती मंडळी उपाय सुचवतात. पदे कमी करा, दिवे रंगीत लावा, दोन तासांत आटपा. रात्र रात्र चालणारी नाटके आटोपशीर झाली, याबद्दल मी उपनगरी प्रवाशाच्या नात्याने आभारीच आहे. बोरिवलीच्या माणसाला शेवटची लोकल भैरवीहून अधिक जवळची असते. पण नुसत्या कात्रीने कोणी तरुण होत नाही. २०१७ साली प्राजक्त देशमुखांचे 'संगीत देवबाभळी' आले. तुकारामांची आवली आणि लखुबाईच्या रूपात आलेली रखुमाई, एवढ्या दोघीच त्यात. दोघींचे नवऱ्यांवरचे रुसणे आजच्या मुलींना परके वाटले नाही, कारण जिथे शब्द अपुरे पडतात तिथेच तिथला सूर लागतो.

म्हणून त्या कॉलेजकन्येला मी सांगून ठेवले आहे, की जुनी पदे तर मी शिकवीनच, पण पुढच्या गणपतीत तुम्हीच एक प्रवेश लिहा. घाटकोपरच्या पुलावरच्या गर्दीत, भाड्याच्या खोलीत, नोकरीच्या मुलाखतीनंतर तुमचे बोलणे जिथे अडते तिथे एक पद घाला. चाल तुमच्या कानांतली असू द्या. ती माझ्या पेटीत बसली नाही, तर मी भाता मारीत स्वस्थ बसेन. पण त्या रात्री घरी लवकर जाणार नाही.