नोकरी कोण लावतो?

आपल्याकडे नोकरी ‘लागते’, आणि ती कोणीतरी ‘लावून देतो’. ‘अमक्याने तमक्याच्या पोराला चिकटवला,’ असे आपण सहज बोलून जातो. पण असे चिकटवणारे हात ज्यांच्या गणगोतात नाहीत, त्यांनी काय करावे? आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. त्यामुळे हा प्रश्न माझ्यापुरता तरी पुस्तकी नाही.

आमचे गाव पाटण तालुक्यात. आजोबा तरुणपणी मुंबईला गिरणीत गेले, ते चुलतभावाच्या ओळखीवर. राहायला गाववाल्यांची खोली, जेवायला गाववाल्या बाईची खानावळ आणि कामही गाववाल्याच्याच शब्दावर. आधी बदली कामगार, मग कायम. त्यांच्याही आधीच्या पिढीत तर गिरणीतली भरती मुख्यतः जॉबरच्या हाती असे. सकाळी गेटवर उभ्या राहिलेल्या माणसांतून तो आपल्या गावचा, आपल्या जातीचा माणूस निवडी आणि पुष्कळदा त्याबद्दल दस्तुरीही घेई.

या ओळखीच्या बळावर घाटावरची आणि कोकणातली हजारो घरे जगली, हे खरे. पण जे दार ओळखीने एकाला उघडते, तेच दुसऱ्याला बंद होते, हेही तितकेच खरे. विणकाम खात्यात पगार जास्त असे. पण तिथे धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळाच्या नावाखाली अस्पृश्य कामगारांना त्या खात्यात येऊ दिले जात नसे. 1928 च्या गिरणी संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा अन्याय दूर करण्याचा आग्रह धरला होता. त्या कामगारांच्या अंगी कसब नव्हते असे थोडेच होते? त्यांच्या वतीने बोलणारा माणूस खात्यात नव्हता. आणि जे होते त्यांनी दार लावून घेतले होते.

18 जानेवारी 1982 रोजी मुंबईचा गिरणी संप सुरू झाला. आजोबा त्यानंतर गावी आले ते कायमचेच. ‘दुसरीकडे काम का नाही पाहिलंत?’ असे मी त्यांना एकदा विचारले. ते म्हणाले, ‘बाळा, ज्याला इचारायचं त्योबी माझ्याच शेजारी गेटाभाईर हुबा.’ त्यांच्या ओळखी काय कमी होत्या? अर्धा तालुका त्यांना नावाने हाक मारी. पण त्या साऱ्या ओळखी एकाच धंद्यातल्या. धंदा बसला आणि सगळ्या ओळखी एकाच दिवशी निकामी झाल्या.

समाजशास्त्राच्या तासाला सरांनी मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन अभ्यासकाविषयी सांगितले, तेव्हा मला आजोबांचे ते वाक्य आठवले. बॉस्टनजवळच्या न्यूटन येथे नुकतीच नोकरी बदललेल्या लोकांना त्यांनी विचारले, की तुम्हाला ज्याच्याकडून या नोकरीची माहिती कळली, तो तुम्हाला किती वेळा भेटत असे? हा निबंध 1973 साली प्रसिद्ध झाला. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी जेमतेम 17 टक्के लोकांचा तो माणूस नेहमीच्या बैठकीतला होता. सुमारे 56 टक्क्यांना तो अधूनमधून भेटणारा, तर 28 टक्क्यांना वर्षातून एखाद्या वेळी किंवा त्याहूनही क्वचित दिसणारा होता. अलीकडे 2022 साली ‘लिंक्डइन’ वापरणाऱ्या सुमारे दोन कोटी लोकांच्या पाहणीतूनही असाच निष्कर्ष निघाला. फार जवळचे नव्हेत आणि अगदीच परकेही नव्हेत, अशा मधल्या ओळखी नोकरी मिळण्यास अधिक उपयोगी ठरल्या.

याचे कारण साधे आहे. जवळच्या माणसाचे मन आपल्यासाठी तुटते, पण त्याच्या कानावर येणाऱ्या बातम्या आपल्याच कानावरच्या असतात. लांबचा माणूस वेगळ्या पाराखाली बसतो, म्हणून त्याची बातमी वेगळी असते.

माझ्या थोरल्या भावाचेच पाहा. आय.टी.आय. होऊन तो पावणेदोन वर्षे घरी होता. मामा, काका, आत्याचे यजमान सर्वांनी ‘बघतो’ म्हटले. आई म्हणायची, ‘बघत्याल की. आपलीच माणसं हाईत.’ ती खरोखरच आपली होती. पण मामा हमालीत, काका शेतात आणि आत्याचे यजमान ऊसतोडीच्या मुकादमाकडे. ते कुठे बघणार? अखेर यात्रेत वर्षातून एकदा भेटणाऱ्या, पूर्वी शाळेत दोन इयत्ता पुढे असलेल्या एका मुलाने सांगितले, ‘शिरवळच्या बाजूला एका कारखान्यात फिटर घ्यायचेत, सोमवारी चाचणी आहे.’ भाऊ गेला, चाचणी दिली आणि लागला. आई अजून म्हणते, ‘त्या पोरानं नोकरी लावली.’ मला वाटते, त्याने बातमी दिली; नोकरी भावाच्या हाताने मिळवली.

वशिला आणि ओळख यांतला फरक मला इथे दिसतो. जी गोष्ट सूचनाफलकावर लावता येईल, ती ओळखीतून आली तरी तिच्यात लाज नाही. ‘अमुक ठिकाणी जागा आहेत, अमुक तारखेला मुलाखत आहे, अर्जासोबत अमुक कागद लागतात’ हे वर्गात मोठ्याने वाचता येते. ‘साहेबांना माझे नाव सांगा, बाकीचे मी बघून घेतो’ हे कानातच सांगावे लागते. सार्वजनिक नोकरीत समान संधी देणाऱ्या संविधानाच्या सोळाव्या कलमाला हे कानातले बोलणे छेद देते. पण जाहिरात निघाली हेच ज्याच्या गावापर्यंत पोचत नाही, त्याची समान संधीही कागदावरच राहते, हेही विसरून चालणार नाही.

आमच्यासारखी मुले विचारायला बिचकतात. मैत्री केली आणि काम सांगितले, तर ‘कामापुरता मामा’ ठरू, अशी भीती वाटते. पण नोकरी मागणे वेगळे आणि माहिती विचारणे वेगळे. ‘मला लावा’ म्हणताना मान खाली जाते. ‘तुमच्याकडे काय काम असते, त्यासाठी काय शिकावे लागते, जागा कधी निघतात?’ असे विचारताना ती खाली जाण्याचे कारण नाही. शिवाय मित्राला आपणही काही देऊ शकतो. आपल्याला कळलेली जाहिरात दाबून न ठेवणे, हे त्यातले पहिले देणे.

आपल्या कॉलेजात डॉक्टरांची, शिक्षकांची, वाण्यांची, शेतमजुरांची, ड्रायव्हरांची मुले एका बाकावर बसतात. एवढी निरनिराळी घरे पुन्हा आयुष्यात एका छपराखाली येतील का? तरीही मधल्या सुट्टीत आपण आपापल्या गावच्या मुलांचे कोंडाळे करून उभे राहतो. ते मोडले पाहिजे. प्राध्यापकांनाही एक विनंती आहे. पदवी घेऊन गेलेल्या विद्यार्थ्यांची, ते कोठे व काय काम करतात याची, त्यांच्या संमतीने एक वही ग्रंथालयात ठेवता आली तर फार बरे होईल. भित्तिपत्रकाचा एक कोपरा नोकरीच्या बातम्यांना मिळावा आणि ज्याला जे कळेल ते त्याने तिथे लावावे. त्या कोपऱ्यापुढे कोणी ‘तू कोणाचा?’ असे विचारणार नाही. वाचता येणे एवढीच अट राहील.

— द्वितीय वर्ष, कला