लहान शाळेचे मोठेपण

अकराचा सुमार झाला, की माळावरच्या त्या कौलारू इमारतीकडे येणाऱ्या पायवाटा जाग्या होतात. कोणी ओढ्यापलीकडच्या वाडीतून येते, कोणी मळ्यातल्या वस्तीवरून, तर कोणी गुरांना वैरण टाकून धावतपळत येते. शाळेचा शिपाई एकच. तो टपाल घेऊन तालुक्याच्या गावी गेला असला, म्हणजे घंटेचे काम सहावीतल्या एका मुलाकडे येते. लिंबाच्या फांदीला टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर तो टोले देतो आणि अंगणात रांगा उभ्या राहतात. रांगा फार लांब नसतात. पाचवीपासून दहावीपर्यंतची सारी मुले मोजली, तरी ती एकशे दहाच भरतात. अशा लहान शाळा महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत आहेत.

शहरातून आलेल्या पाहुण्याच्या डोळ्यांत प्रथम भरते ते येथील उणेपण. प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट, ग्रंथालय म्हणजे दोन. एकच शिक्षक गणितही शिकवतात आणि विज्ञानही. पावसाळ्यात ओढ्याला पूर आला, म्हणजे निम्मे वर्ग रिकामे राहतात. हे उणेपण खरे आहे. ते झाकण्यात काही अर्थ नाही. परंतु या शाळेजवळ असे एक धन आहे, की जे मोठ्या शाळेला पैसे मोजूनही सहजासहजी मिळत नाही. येथे कोणालाही मागच्या बाकावर लपून बसता येत नाही.

घंटा वाजवणारा तो सहावीतला मुलगा बोलताना अडखळत असे. शाळेचा नियम असा, की परिपाठाच्या वेळी रोज एका विद्यार्थ्याने पुढे येऊन वर्तमानपत्रातील बातम्या वाचाव्यात. शाळा वर्षातून साधारण २२० दिवस भरते आणि मुले आहेत ११०. म्हणजे प्रत्येकाची पाळी वर्षातून दोनदा येणारच. जेथे अकराशे मुले आहेत, तेथे हीच पाळी पाच वर्षांतून एकदा येईल. पाचवी ते दहावीच्या सहा वर्षांत येथे बारा वेळा उभे राहायचे, तर तेथे फार तर दोनदा! पहिल्या वेळी त्या मुलाचे पाय लटपटले. एक बातमी वाचायला त्याला पाच मिनिटे लागली. कोणी हसले नाही असे नाही. पण हसणाऱ्यांचीही पाळी पुढे येणारच होती. दुसऱ्या वेळी तो कमी अडखळला. तिसऱ्या वेळी त्याने मान वर करून समोर पाहिले.

जे वाचनाचे, तेच खेळाचे. कबड्डीच्या संघाला सात गडी लागतात आणि वर्गात मुलगे असतात नऊच. मग कोणाला वगळणार? जो उत्तम खेळतो तो खेळतोच. पण जो बेताचा खेळतो, त्यालाही मैदानात उतरावे लागते. स्नेहसंमेलनात राजाचे काम करणारा मुलगाच पडदा ओढतो, आणि प्रवेश संपला की सतरंज्याही घालतो. कोणतेही काम हलके नाही, हा धडा त्याला पुस्तकातून शिकावा लागत नाही.

लहान शाळेत शिक्षकांना मुलाचे केवळ नाव ठाऊक नसते, तर त्याचे घरही ठाऊक असते. आठवीतली एक मुलगी चार दिवस शाळेत आली नाही. पाचव्या दिवशी संध्याकाळी गुरुजी तिच्या वस्तीवर गेले. आई तापाने अंथरुणाला खिळलेली होती आणि मुलगी चुलीपुढे भाकऱ्या थापत होती. वडील संकोचाने म्हणाले, "गुरुजी, आता तिची शाळा पुरे करावी म्हणतो." गुरुजी रागावले नाहीत. ते म्हणाले, "आई बरी होईपर्यंत तिला घरी राहू द्या. तिची मैत्रीण रोज वह्या आणून देईल. पण हजेरीपटावरचे नाव मात्र मी काढणार नाही." पंधरा दिवसांनी ती मुलगी आपल्या जागेवर येऊन बसली. शाळा गावात नसती, तर तिला रोज दूरच्या गावी पाठवण्यास तिचे वडील पुन्हा राजी झाले असते काय?

अशा शाळा आपोआप उभ्या राहिल्या नाहीत. एके काळी माध्यमिक शिक्षणासाठी खेड्यातल्या मुलाला घर सोडून शहर गाठावे लागे, आणि गरिबाच्या मुलाला ते परवडत नसे. ही अडचण ओळखून कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये त्यांनी संस्थेचे कार्य साताऱ्यास नेले. तेथील वसतिगृहात निरनिराळ्या जातींची व धर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत आणि श्रम करून शिकत. मुलांच्या पोटाला कमी पडू नये, म्हणून भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने मोडले. वटवृक्ष हे या संस्थेचे बोधचिन्ह आहे. वडाच्या पारंब्या जमिनीत रुजाव्यात, तशा तिच्या शाळा खेडोपाडी रुजल्या. पुढे १९६२ मध्ये जिल्हा परिषदा स्थापन झाल्या आणि गावोगावच्या शाळांची जबाबदारी त्यांनीही उचलली. कोठे गावकऱ्यांनी जमीन दिली, कोठे श्रमदानाने भिंती उभारल्या. म्हणूनच गावाला अशी शाळा आपली वाटते. तिचे कौल उडाले, तर ते बसवायला बोलावणे धाडावे लागत नाही.

दहावी झाली, की मुले शहराची वाट धरतात. तेथील भव्य इमारती आणि गर्दी पाहून प्रारंभी ती बावरतात. त्यांच्या बोलण्यात गावाची धाटणी असते. काही विषयांत ती मागेही असतात. ते अंतर त्यांना कष्टाने भरून काढावे लागते. परंतु "हे काम कोण करील?" असे कोणी विचारले, म्हणजे त्यांचा हात सवयीने वर जातो. आपल्यावाचून काही अडते, हे त्यांनी लहानपणीच अनुभवलेले असते.

तो सहावीतला मुलगा आता दहावीत आहे. परिपाठाला तो बातम्या स्पष्ट वाचतो. क्वचित एखाद्या शब्दाला अडखळतो, थांबतो आणि पुन्हा वाचतो. लिंबाखालची घंटा मात्र आता पाचवीतल्या एका लहानग्याकडे गेली आहे. त्याचा हात रुळापर्यंत पोहोचत नाही. म्हणून मोठ्या मुलांनी त्याच्यासाठी तेथे एक दगड आणून ठेवला आहे.