बारावा फोटो

आग्फा क्लिक थ्रीच्या एका रोलात फोटो बाराच. नाताळच्या उपासनेनंतर अकरा संपले. शेवटचा घरच्यांसाठी राखला होता. देवळाच्या पायरीवर आजी, चुलती, पोरं बसली. मागं मधोमध आई. बांधाच्या भांडणामुळं दादा एका टोकाला, तात्या दुसऱ्या. फोटो चौकोनी निघायचा, दोघंही बाहेर जात होते. मला मागं सरायला जागा नाही, पाठीशी चिंचेचं खोड.

"आत सरका जरा."

"त्याला सांग आधी," दादा म्हणाले.

पाळकसाहेब नुसते हसले. आईच मधून बाजूला झाली. "घे आता, प्रीतिभोजनाला उशीर होतोय."

खांद्याला खांदा लागला. मी खटका दाबला.

श्रीरामपूरहून फोटो धुऊन आणला. केस त्यानंतरही सहा वर्षं चालली. फोटो मात्र दोघांच्याही भिंतीवर आहे. आई त्यात नाही.