येऊ घातलेलं औषध

नैराश्यावरच्या नव्या औषधाची वाट स्वतः आजारी माणूस फारशी पाहत नाही. त्याच्या वतीने घरातलं दुसरंच कुणीतरी पाहत असतं. आमच्या घरी ते काम माझ्याकडे आहे. दादाच्या गोळ्या बदलून झाल्या, डोस वाढवून झाले, एका गोळीला दुसरीची जोड देऊन झाली. डॉक्टर दर वेळी म्हणतात, चार-सहा आठवडे द्या. दादा देतो. आठवडे द्यायला त्याची कधीच ना नसते. त्या आठवड्यांकडून त्याला काही नको असतं, एवढंच.

मी मात्र रात्री फोनवर अजून बाजारात न आलेली औषधं वाचत बसते. त्यातल्या बऱ्याच औषधांचं बारसंसुद्धा झालेलं नसतं, नुसती अक्षरं आणि आकडे. ‘जीएलवायएक्स-१३’ हे त्यातलंच एक. पुढे त्याचं नाव रॅपास्टिनेल झालं. केटामाइनसारखा झटपट गुण, पण त्याच्यासारखं तरंगल्यासारखं, भान सुटल्यासारखं होणार नाही, अशी आशा होती. २०१६ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला ‘ब्रेकथ्रू’चा दर्जाही दिला. मार्च २०१९मध्ये बातमी आली की तिसऱ्या टप्प्यातल्या चाचण्यांत ते प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषधच नसलेल्या औषधापेक्षा, सरस ठरलं नाही. त्याच महिन्यात केटामाइनचा सख्खा भाऊ एस्केटामाइन, नाकात मारायचा फवारा, तिकडे मंजूर झाला. त्याचा आनंद मानायचा की याचं सुतक पाळायचं, मला कळेना. आणि सांगणार तरी कुणाला? दादाच्या कानावर ते नाव मी कधी घातलंच नव्हतं. जी आशा त्याला नव्हती, तिची निराशा मी एकटीने उरकली.

केटामाइन तसं जुनंच. १९६२ साली तयार झालेलं, १९७०पासून भूल द्यायला वापरलं जाणारं. नैराश्यात ते तीन दिवसांच्या आत उपयोगी पडू शकतं, हे दाखवणारा छोटासा प्रयोग २०००मध्ये प्रसिद्ध झाला. तिथून त्या फवाऱ्यापर्यंत एकोणीस वर्षं गेली. इतका वेळ का लागतो, याचं एक कारण मला या सगळ्या वाचनात सर्वांत जास्त चावलं. नैराश्याच्या चाचण्यांत प्लासिबो मिळालेल्यांपैकीही साधारण तिघांमागे एकाला चांगला फरक पडतो. काही जण त्या काळात आपसूकच सुधारतात, हे खरं. पण त्यांना आणखीही काही मिळत असतं. कुणीतरी ठरलेल्या दिवशी समोर बसवून नीट विचारतं: झोप किती लागली, जेवण जातं का, कशात मन लागतं का. आमच्याकडच्या ओपीडीत नंबर लागायला अर्धा दिवस जातो आणि आत पाच मिनिटं मिळतात. संशोधकांना जो अडथळा वाटतो, त्यातली ही विचारपूस तरी आम्हाला आजच मिळायला कुणाच्या मंजुरीची गरज आहे?

मेंदूत खोलवर तारा बसवण्याच्या उपचाराचंही असंच. हेलन मेबर्ग यांच्या गटाने टोरांटोत सहा रुग्णांवर तो करून पाहिला. २००५च्या त्या अहवालात चौघांना चांगला गुण आला होता. पुढची मोठी चाचणी मात्र मध्येच थांबवावी लागली. सहा महिन्यांनंतर, विद्युतप्रवाह सुरू असलेल्यांत आणि बंद ठेवलेल्यांत फरकच दिसेना. पण त्याच रुग्णांपैकी जवळजवळ निम्मे दोन वर्षांनी बरेच सुधारलेले होते. हे वाचून मी उठूनच बसले: चाचणीनेच वाट कमी पाहिली की! मग डोकं थंड झालं. दोन वर्षांनी तुलनेला कुणी उरलंच नव्हतं, तेव्हा श्रेय कशाला द्यायचं? आशेने वाचणाऱ्याला आकडे नेहमी आपल्या बाजूचे वाटतात.

एवढ्या नव्याच्या मागे असताना डॉक्टरांनी मध्यंतरी जे सुचवलं ते १९३८ सालचं, रोममध्ये सुरू झालेलं. ईसीटी. मामांनी लगेच हात जोडले, “शॉक? नको रे बाबा.” त्यांच्या डोळ्यांपुढे सिनेमा होता. आता भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय ते करायला २०१७च्या कायद्याने बंदी आहे, आणि गोळ्यांना दाद न देणाऱ्या तीव्र नैराश्यात त्याच्याइतका भरवशाचा उपाय क्वचितच सापडेल, हे मी त्यांना सांगत बसले. विसरायला होतं, विशेषतः त्या आठवड्यांतलं, हेही सांगितलं. कोपऱ्यातून दादा म्हणाला, “बँकेचा पासवर्ड विसरलो तर?”

इतक्या महिन्यांत उपचाराबद्दल त्याने आपण होऊन विचारलेला हा पहिलाच प्रश्न. मी उत्तराची जुळवाजुळव करत होते, तेवढ्यात वहिनी म्हणाली, “तो तुला आत्ता तरी कुठे आठवतो? माझ्याकडे आहे.”