आरमारातून बांधावर

कोकणातल्या मुसलमानाला समुद्र परका नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या खाडीकाठच्या गावांत ज्या घरातला एकही माणूस कधी जहाजावर गेला नाही, असे घर विरळाच. कुणी खलाशी, कुणी सारंग, कुणी आगवाला, कुणी भंडारी. इंग्रजांच्या आरमारानेही पिढ्यान्‌पिढ्या आमच्या जिल्ह्यातून माणसे नेली. पण आमचे दादा, म्हणजे आमच्या वडिलांचे वडील, मुळात दर्यावर्दी नव्हते. ते शेतकरी होते. १९४२ साली ते रॉयल इंडियन नेव्हीत भरती झाले आणि १९४६ च्या मे महिन्यात परत आले. मधली चार वर्षे सोडली, तर त्यांचे सारे आयुष्य भाताच्या खाचरात गेले.

दादा २००१ साली अल्लाहला प्यारे झाले, तेव्हा आम्ही सातवीत होतो. दादी त्यानंतर दहा वर्षे होती. आम्हांला जे ठाऊक आहे ते या दोघांच्या तोंडून ऐकलेले. दादा थोडे सांगत, दादी जास्त. दादांना लढाई आठवे, दादीला घर.

दादा आरमारात का गेले? देशासाठी नाही आणि इंग्रजांसाठीही नाही. जमीन खोताची होती, दादांचे घर कूळ. निम्मे पीक खोताच्या घरी जाई. उरलेल्या निम्म्यात आई, बायको, धाकटा भाऊ आणि सावकाराचे कर्ज. त्या वर्षी भात बुडाले आणि तेव्हाच भरतीवाले रत्नागिरीत आले होते. महिन्याला पगार, दोन वेळचे जेवण, अंगावर कपडे. एकोणीस वर्षांच्या पोराला एवढे कारण पुरे होते. युद्धाच्या सुरुवातीला १९३९ मध्ये या आरमारात दोन हजारही माणसे नव्हती. युद्ध संपताना तो आकडा पंचवीस हजारांच्या वर गेला होता. या हजारोंपैकी किती जणांनी आधी नांगर धरला असेल, याचा हिशोब कुणी ठेवलेला नाही.

ठाण्याजवळ ‘अकबर’ नावाचे आरमाराचे शिक्षणकेंद्र होते. दादा तिथे शिकले. उर्दू चार इयत्ता झालेला माणूस इंग्रजी हुकूम पाठ करू लागला.

आम्ही वर्गात ‘बंगाल’ जहाजाची हकिकत सांगतो. ११ नोव्हेंबर १९४२ रोजी हिंदी महासागरात या लहानशा सुरुंगशोधक जहाजाने, सोबतच्या डच तेलवाहू जहाजासह, दोन मोठ्या जपानी जहाजांशी झुंज दिली. त्यांतले एक जपानी जहाज बुडाले. मुले डोळे मोठे करून ऐकतात आणि विचारतात, सर, तुमचे दादा त्याच जहाजावर होते का? नव्हते. दादांचे युद्ध चिखलातले होते.

ते ब्रह्मदेशाच्या अराकान किनाऱ्यावर मोटार लाँचवर होते. १९४५ च्या जानेवारीत अक्याब, म्येबोन, कांगाव अशा ठिकाणी फौजा उतरवल्या गेल्या. ‘नर्मदा’ आणि ‘जमना’ ही मोठी जहाजे तोफा डागीत आणि लहान लाँचा खाड्यांत शिरत. तिथल्या खाडीला ‘चाऊंग’ म्हणतात. दोन्ही काठांना दाट खारफुटी, ओहोटीला गुडघाभर चिखल, मागे भाताची शेते. दादा म्हणत, डोळे मिटून वास घेतला तर वाटे आपल्याच खाडीत आलो. फक्त शेतांत माणूस नव्हता. कापणीच्या दिवसांत भात उभे आणि कापणारे पळून गेलेले. गोळ्यांबद्दल दादा फारसे बोलले नाहीत. त्या उभ्या भाताबद्दल मात्र ते वारंवार बोलत.

त्या खाड्यांत दादा एक विद्या शिकले. दोरीला शिशाचे वजन बांधून पाण्याची खोली मोजायची, ओहोटी किती वाजता लागेल ते धरायचे, लाँच रुतायच्या आत बाहेर काढायची. चूक झाली तर पुढची भरती येईपर्यंत शत्रूच्या गोळीपुढे बसून राहायचे.

युद्ध संपले, पण घरी जायची चिठ्ठी लवकर येईना. दादा मुंबईत कॅसल बराकीत वाट पाहत होते. भातात खडे, डाळीत पाणी आणि वरून गोऱ्या अधिकाऱ्यांच्या शिव्या. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी कुलाब्याच्या ‘तलवार’ केंद्रात नाविकांनी जेवण आणि काम नाकारले. दुसऱ्या दिवशी कॅसल बराक आणि बंदरातली जहाजे सामील झाली. काँग्रेसचा, लीगचा आणि लाल असे तिन्ही झेंडे एकत्र लागले. संप समितीचे अध्यक्ष एम. एस. खान, उपाध्यक्ष मदनसिंग. २१ तारखेला कॅसल बराकीवर गोळीबार झाला, आतूनही उत्तर गेले. शहरात गिरणी कामगार रस्त्यावर आले आणि दोनशेहून जास्त माणसे मेली. काँग्रेस आणि लीग, दोन्हींच्या नेत्यांनी शरण जाण्याचा सल्ला दिला. २३ तारखेच्या सकाळी संप मिटला. शिक्षा होणार नाही असा भरवसा दिला होता, तरी पुढे धरपकड झाली आणि शेकडो जणांना काढून टाकले. कॅसल बराकीत त्या सकाळी मिशीवाले पुरुष लहान मुलांसारखे रडले, असे दादा सांगत.

दादांना कैद झाली नाही. जबाब झाला आणि युद्ध संपले म्हणून हजारोंना घरी पाठवले, त्यांत तेही आले. पुढे १९७२ साली स्वातंत्र्यसैनिकांना निवृत्तिवेतन सुरू झाले आणि नौदलाचा उठावही त्यात धरला गेला. पण त्यासाठी कैदेचा किंवा बडतर्फीचा कागद हवा. दादांच्या कागदावर नुसते ‘सेवामुक्त’ होते. आरमाराची पेन्शन मिळावी एवढी वर्षेही भरलेली नव्हती. दादा दोन्हीकडच्या यादीबाहेर राहिले.

घरी आले तेव्हा शेत नव्हते. आदल्या पावसाळ्यात उधाणाने खारबांध फोडला होता. दोन वर्षे उघाडीची फळी बदलली गेली नव्हती, कारण बदलणारे हात युद्धावर किंवा मुंबईच्या गोदीत होते. खाचरांत खारे पाणी खेळत होते. पणजी आणि दादी वर वरकस जमिनीत नाचणी करून जगत होत्या. दादी म्हणे, चार वर्षांनी नवरा घरी आला, दारात पेटी ठेवली, पाणी प्यायला आणि आधी बांध बघायला गेला.

पाऊस तीन आठवड्यांवर होता. दादांनी भांगाचे दिवस धरले, कारण तेव्हा भरती कमी चढते. दोरीला वजन बांधून त्यांनी फुटलेल्या जागेची खोली मोजली. ओहोटीचे तास मोजून कामाच्या पाळ्या लावल्या. बांध एकट्याचा नसतो. त्याच्या आत कुणबीवाडीची खाचरे होती तशी मोहल्ल्याचीही. दोन्हीकडची माणसे कमरेभर चिखलात उभी राहिली. खुंट मारले, फांद्यांचे भारे आरमारातल्या गाठींनी जखडले, वर दगड आणि चिखल. नवी उघाडी बसली. पण मातीतले मीठ एका पावसात जात नाही. तिसऱ्या पावसाळ्यानंतर धड पीक आले.

तोवर देशाची फाळणी झाली होती. आरमारही वाटले गेले, जहाजेही आणि माणसेही. दादांचा एक सोबती कराचीला राहिला, त्याचे पत्र काही वर्षे येत असे. १९४९ च्या कायद्याने खोती गेली. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने कसणाऱ्या कुळाला जमिनीचा हक्क दिला. दादांचे नाव सातबाऱ्यावर लागले. सरकारी कागदावर दादांना जो मान मिळाला तो एवढाच, आणि तो त्यांनी चिखलात उभे राहून मिळवला होता.

दोन वर्षांपूर्वी गावात एक फलक लावायचे ठरले. गावातल्या मुस्लिम स्वातंत्र्यवीरांची नावे त्यावर असावीत, पहिले नाव दादांचे. मंडळींचा हेतू चांगला होता. तुम्ही इथले की तिथले, असे आम्हां सर्वांना कधी ना कधी विचारले जाते. तेव्हा दाखवायला एक नाव असावे असे कुणाला वाटणार नाही? तरी आम्हांला ते पटले नाही. दादा पोटासाठी गेले, खड्यांच्या भातासाठी आणि इज्जतीसाठी संपात बसले, घरी येऊन बांध बांधला. यात कमीपणा कुठला? त्यांचा दाखला करून खिशात बाळगायचा म्हटले, तर त्यांच्या आयुष्यातले चार दिवस घ्यावे लागतात आणि पन्नास वर्षे टाकून द्यावी लागतात. बांधावर सोबत उभे राहिलेले कुणबी तर त्या फलकावर येतच नाहीत.

त्या वर्षी आम्ही नववीच्या मुलांना एक काम दिले. घरात विचारून तीन रकाने भरून आणा: घरातले कोण जहाजावर किंवा फौजेत होते, कुठे होते, आणि परत आल्यावर त्यांनी काय केले. मुलांनी वह्या आणल्या. पहिला रकाना बहुतेकांचा भरलेला होता. दुसऱ्यात बंदरांची नावे होती: कराची, रंगून, एडन, मोम्बासा. तिसरा रकाना जवळजवळ सगळ्या वह्यांत कोरा होता. घरच्यांनाच सांगता येत नव्हते.

आज आमच्या बांधाच्या आत अर्धी खाचरे पडीक आहेत. मुले आखातात आहेत आणि उघाडीची फळी पुन्हा कुजली आहे. पण ज्यांना विचारता येईल अशी म्हातारी माणसे अजून चार घरांत आहेत. त्यांच्याकडे आम्ही मुलांना पुन्हा पाठवले आहे, तिसरा रकाना भरून आणायला.