कुंभकोणम : दत्तक पुत्रांच्या पाऊलखुणा

तंजावरला गेलेला मराठी प्रवासी बृहदीश्वराचे दर्शन घेतो, सरस्वती महाल ग्रंथालय पाहतो आणि रामेश्वरच्या वाटेला लागतो. तिथून अवघ्या चाळीस किलोमीटरवर, कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मध्ये वसलेले कुंभकोणम बहुधा राहूनच जाते. खरे तर मराठी माणसाने एक दिवस या गावासाठी राखून ठेवावा. कारण आपल्या एका दूरच्या भावकीतली दत्तकाची मोठी कहाणी या परिसरात घडली आहे.

कुंभकोणम हे देवळांचे गाव. आदिकुंभेश्वर, सारंगपाणी, चक्रपाणी अशी देवळे एका फेरफटक्यात पाहून होतात. गावाच्या मधोमध महामहम तलाव आहे. दर बारा वर्षांनी इथे मोठा स्नानसोहळा भरतो. यापूर्वीचा २०१६ साली झाला, पुढचा २०२८ मध्ये येईल. बाजारात कोवळ्या विड्याच्या पानांच्या चळती आणि पितळी समया दिसतात. पितळेच्या वाटी-पेल्यात येणारी फेसाळ कॉफी घेतल्याशिवाय गाव सोडू नये.

कॉफी झाली की तिरुविडैमरुदूरची बस पकडावी. आठ-नऊ किलोमीटरचा रस्ता. महालिंगस्वामींचे हे क्षेत्र जुन्या मराठी कागदांत ‘मध्यार्जुन’ या नावाने येते. तंजावरचे पदच्युत राजे अमरसिंह भोसले इथेच येऊन राहिले होते.

शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकात तंजावरचे राज्य घेतले. त्यांच्या वंशातल्या तुळजाजीराजांची मुले त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. १७८७ साली, मृत्यू समोर दिसत असताना, त्यांनी भोसल्यांच्याच एका शाखेतला नऊ-दहा वर्षांचा मुलगा दत्तक घेतला आणि श्वार्ट्‌झ नावाच्या जर्मन मिशनऱ्याला त्याच्यावर लक्ष ठेवायला सांगितले. हा मुलगा म्हणजे सरफोजी.

राजांनी डोळे मिटले आणि घरात वाद पेटला. मुलगा आपल्या जन्मदात्यांचा एकुलता एक, वयाने मोठा, शिवाय दत्तक देताना राजांचे चित्त ठिकाणावर नव्हते, असे आक्षेप निघाले. पंडितांनी दत्तक अशास्त्रीय ठरवले आणि तुळजाजींचे सावत्र बंधू अमरसिंह गादीवर बसले. पोरक्या झालेल्या मुलाचे वाड्यात हाल होऊ लागले, तेव्हा १७९३ मध्ये त्याला मद्रासला हलवण्यात आले. पुढे काशी आणि बंगालच्या पंडितांची मते मागवली गेली. त्यांनी दत्तक वैध ठरवले आणि १७९८ साली सरफोजी गादीवर आले. अर्थात कंपनी सरकारने या न्यायाची किंमत वसूल केली. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार इंग्रजांकडे गेला. राजाकडे उरला तंजावरचा किल्ला आणि तनखा.

काका अमरसिंह मध्यार्जुनला आले. इथेच त्यांचा छोटा दरबार भरत असे. १८०२ मध्ये ते वारले. महालिंगस्वामींच्या मंदिरात हातात दिवा धरलेली एका स्त्रीची धातुमूर्ती आहे. अमरसिंहांचे पुत्र प्रतापसिंह यांच्याशी विवाह व्हावा म्हणून अम्मणी नावाच्या मुलीने लाख दिव्यांचा नवस केला होता. तो फेडताना तिने स्वतःचीच मूर्ती दीपधारिणी म्हणून देवाला वाहिली, असे मूर्तीवरचा १८५३ चा लेख सांगतो. हरलेल्या शाखेच्या घरातही सुखदुःखे होती, माणसे होती, हे त्या मूर्तीसमोर उभे राहिले की जाणवते.

आणि तो दत्तक मुलगा? त्याने हाती उरलेल्या थोड्या अधिकारात ग्रंथ जमवले, शाळा काढल्या, देवनागरी छापखाना घातला. बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ साली त्याने भोसले घराण्याचा सगळा इतिहास मराठीत कोरून घेतला. ज्याला हे घराणे आपले म्हणायला तयार नव्हते, त्यानेच त्या घराण्याचे नाव दगडावर अमर केले.

कुंभकोणमचा दत्तकाशी आणखी एक धागा आहे. सर टी. माधवराव हे तंजावरी मराठी घराण्यातले मुत्सद्दी १८२८ साली याच गावात जन्मले. त्रावणकोर आणि इंदूरची दिवाणगिरी करून १८७५ मध्ये ते बडोद्याला गेले. त्याच वर्षी खंडेराव महाराजांच्या विधवा राणी जमनाबाई यांनी नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचा एक शेतकरी मुलगा दत्तक घेतला होता. गोपाळ त्याचे नाव. या बारा वर्षांच्या मुलाला राजा म्हणून घडवण्यात माधवरावांचा मोठा वाटा होता. राज्य कसे करावे यावर त्यांनी त्याला दिलेली व्याख्याने पुढे पुस्तकरूपाने निघाली. गोपाळचे सयाजीराव गायकवाड झाले आणि १९०६ मध्ये त्यांनी आपल्या संस्थानभर सक्तीचे, मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले.

आता काळ बदलला आहे. १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्याने दत्तक मुलाला पोटच्या मुलाइतकेच हक्क दिले. मुलगीही दत्तक घेता येऊ लागली. परदेशी स्थायिक झालेल्या नातेवाइकांना भारतातले मूल दत्तक न्यायचे असेल, तर मात्र केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाची म्हणजे ‘कारा’ची परवानगी लागते. आता कागदपत्रांसाठी काशीच्या पंडितांकडे जावे लागत नाही. तरी ‘हे आपल्या रक्ताचे नाही’ ही कुजबुज मात्र आजही अनेक घरांत ऐकू येते. कायदा मुलाला हक्क देतो. पण आजी-आजोबांनी, काका-आत्यांनी त्याला मांडीवर घेणे, हे कोणत्याही कायद्यात लिहिलेले नसते.

अशा घरातल्या वडीलधाऱ्यांनी एकदा तरी इकडे यावे. सकाळी मध्यार्जुनची ती दीपधारिणी पाहावी, संध्याकाळी तंजावरचा तो शिलालेख वाचावा. एका घरातला दुरावा आणि एका मुलाने त्यावर दिलेले उत्तर, दोन्ही एका दिवसात पाहून होतात.