रंगाची खात्री नाही

२०१७च्या जानेवारीत आम्ही दोघं प्रथमच मेलबर्नला मुलाकडे गेलो. रस्त्याकडेचं एक झाड लालभडक फुलांनी पेटलं होतं. पत्नी जागीच थबकली. मुलगा म्हणाला, "अम्मी, ही निलगिरीच. फुलांची."

आम्हांला निलगिरी ठाऊक होती ती सामाजिक वनीकरणातली, सरळसोट. ही ठेंगणी, गच्च सावलीची. मूळची पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यावरची. गेल्या वर्षीची लाकडी फळं अजून फांदीवरच होती, इवल्याशा मडक्यांसारखी. पत्नीनं दोन तोडली आणि कागदावर ठेवली. काही दिवसांत त्यांची तोंडं उघडली, बी सांडलं. वाळू मिसळलेल्या मातीत तिनं ते पेरलं, वर मातीचा पातळ थर दिला. दोन-तीन आठवड्यांत कोंब आले.

"बियाच्या झाडाला लालच फूल येईल याची खात्री नसते," मुलानं सांगितलं. "गुलाबी येईल, केशरी येईल. लालच हवं तर कलम आणावं लागतं."

"रंग त्याच्याकडे. आपण पाणी घालायचं," ती म्हणाली.

निघण्यापूर्वी तिनं एक रोप अंगणात लावलं.

२०२१च्या मे महिन्यात, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, ती मिरजेत गेली. ऑस्ट्रेलियाच्या सीमा २०२०च्या मार्चपासून बंद होत्या. मुलानं जनाजा फोनवर पाहिला. आईच्या कबरीवर मूठभर माती टाकायला तो येऊ शकला नाही. त्यानंतर कित्येक महिने तो फोनवर फक्त झाडाबद्दल बोलायचा. किती वाढलं, किती पानं आली. मीही तेवढंच विचारायचो.

२०२४च्या जानेवारीत मी एकटाच गेलो. सात वर्षांनी झाड पहिल्यांदा फुललं होतं. या फुलाला दिसण्याजोग्या पाकळ्या नसतात. कळीवरचं टोपण गळतं आणि आतले केसर झुबक्यानं पसरतात. केसर फिकट केशरी होते.

"अब्बा, लाल नाही आलं," तो म्हणाला. जणू चूक त्याचीच होती.

मी तिचं वाक्य त्याला आठवून दिलं. तो काही बोलला नाही. खाली बसला आणि गळलेली टोपणं वेचू लागला. मूठ भरल्यावर ती त्यानं हलकेच बुंध्याशी मातीत सोडली. मग पाण्याची झारी आणायला आत गेला.